पहिली कात्री: पहिली कलागोधडी करताना भीतीचे काय करावे

चांगले कापड हातात घ्यायचे, कात्री उघडायची, क्षणभर थांबायचे आणि कात्री मिटून कापडाची घडी पुन्हा कपाटात ठेवायची, हा अनुभव शिवणकामाची आवड असलेल्या बहुतेकांनी घेतलेला असतो. गडद निळ्या रंगाचे एक सुती कापड मी स्वतः असे सहा वर्षे सांभाळले होते. ते अधूनमधून बाहेर काढायचे, त्याला इस्त्री करायची, यातून काय करावे याचा बराच वेळ विचार करायचा आणि ‘अजून नीट सुचलेले नाही’ असे स्वतःला सांगून ते परत ठेवायचे, असा क्रम चालला होता. वास्तविक सुचत पुष्कळ होते. अडचण एवढीच होती की कापड एकदा कापले की ते पुन्हा अखंड होत नाही, आणि कापून झालेले काम माझ्या मनातल्या चित्राइतके चांगले झाले नाही, तर कापडही गेले आणि चित्रही गेले, असे वाटत होते.

ही भीती मन घट्ट केल्याने जात नाही, असा माझा अनुभव आहे. ती कमी होते ती कामाची मांडणी बदलल्याने. कोणत्याही निर्मितीत काही कृती परत फिरवता येतात आणि काही येत नाहीत; आपली भीती दुसऱ्या प्रकारच्या कृतींची असते, पण ती सगळ्याच कामावर पसरून बसते. म्हणून न फिरणाऱ्या कृती कोणत्या हे आधी ओळखावे, त्या शक्य तितक्या लहान कराव्यात, त्यांची चाचणी वेगळ्या तुकड्यावर घ्यावी आणि बाकीच्या कामात मोकळेपणाने चुका कराव्यात. कापड हे माध्यम या दृष्टीने फार उदार आहे. जलरंगाचा फटकारा कागदावर पडला की पडला. शिवलेला टाका मात्र उसवता येतो. पुढील सर्व सूचना याच एका विचाराच्या आधाराने दिल्या आहेत.

काय करायचे आहे आणि केवढे

गोधडी म्हणजे तीन थर: वरचे कापड, मधला भर आणि खालचे अस्तर, आणि हे तिन्ही थर एकत्र धरून ठेवणारे टाके. इंग्रजीत जिला आर्ट क्विल्ट म्हणतात आणि जिला येथे आपण कलागोधडी म्हणू, तिची रचना हीच असते. फरक हेतूचा असतो. ती पांघरण्यासाठी केलेली नसून पाहण्यासाठी केलेली असते, आणि तिची आकृती तयार नमुन्यावरून न उचलता करणाऱ्याने स्वतः मांडलेली असते. ‘ही कला आहे की नुसते शिवणकाम’ हा प्रश्न मनात आला, तर त्या प्रश्नाचे वय लक्षात घ्यावे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 1971 मध्ये जुन्या अमेरिकी गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, तेव्हा पाहणाऱ्यांना तो धक्काच होता. पुढे 1979 मध्ये ओहायो राज्यातील अथेन्स या गावी समकालीन गोधड्यांचे ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झाले, तेही गायींच्या एका जुन्या गोठ्यात. आपण कलेच्या दालनात शोभणार नाही अशी शंका या माध्यमाच्या मागे फार पूर्वीपासून आहे. ती तुमच्यापासून सुरू झालेली नाही.

पहिल्या कामाचा आकार 12 इंच लांब आणि 12 इंच रुंद, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटरचा चौरस, एवढाच ठेवावा. एवढा तुकडा मांडीवर बसतो, यंत्राखाली सहज वळतो, त्याला कापड फारसे लागत नाही आणि तो चार-सहा बैठकींत पुरा होतो. पहिलीच गोधडी पलंगाएवढी करायला घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. मी त्याच्या विरुद्ध आहे, कारण मोठ्या कामात पहिला चुकीचा निर्णय आणि त्या निर्णयाचा परिणाम यांत काही महिने जातात, आणि तेवढ्या काळात भीतीला वाढायला भरपूर जागा मिळते.

याहून उपयोगी सूचना अशी की एक गोधडी करूच नये. एकाच वेळी तीन कराव्यात. त्याच कापडांतून, त्याच मापाचे तीन पाये, म्हणजे ज्यांच्यावर आकार बसवायचे ती वरची कापडे, कापून समोर ठेवावेत. काम एकच असले की ते ‘माझे काम’ होते आणि त्याच्यावर सगळी अपेक्षा लादली जाते. तीन असली की एकावर धाडस करता येते, एक बिघडले तर दोन उरतात आणि तिसरे बहुधा पहिल्या दोन्हींपेक्षा बरे होते. तिन्ही पुरी झालीच पाहिजेत असे बंधन मात्र नसावे.

परत काय फिरते आणि काय फिरत नाही

काम सुरू करण्यापूर्वी हा हिशेब एकदा स्पष्ट करून घ्यावा. तुकडे मांडणे, हलवणे, टाचणीने टोचणे, कच्चे दोरे घालणे, हाताने किंवा यंत्राने शिवणे या सगळ्या कृती परत फिरवता येतात. सुती कापडातून टाका उसवला की बारीक छिद्रे दिसतात, पण मागून बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने घासून, थोडे पाणी शिंपडून इस्त्री केली की ती बहुतांशी बुजतात.

कापणे ही कृती सर्वांत भयंकर वाटते, परंतु ती निम्मीच न फिरणारी आहे. तुकडा मोठा कापला गेला तर तो लहान करता येतो. लहान कापला गेला तर त्याला जोड देता येतो, आणि ठिगळावर ठिगळ हा तर या कलेचा मूळ स्वभावच आहे. कापलेले कापड वाया जात नाही, ते फक्त वेगळ्या मापाचे कापड होते. हे मला पटायला वेळ लागला, पण पटल्यावर तो निळा तागा एका दुपारी कापून झाला.

खरोखर न फिरणाऱ्या गोष्टी तीनच उरतात. पहिली म्हणजे कच्चा रंग. लाल, गडद निळा किंवा काळा रंग पाण्याने सुटून शेजारच्या फिकट कापडात उतरला, तर तो काढणे फार कठीण जाते. माझ्या पहिल्या कामातील पांढरे आकाश असेच गुलाबी झाले होते, आणि ती सूर्यास्ताची कल्पना होती असे मी बरेच दिवस सांगत असे. यासाठी कापडाचा कोपरा भिजवून, त्यावर पांढरा सुती तुकडा ठेवून दाबून इस्त्री करावी. पांढऱ्यावर डाग उतरला, तर ते कापड डाग उतरेनासा होईपर्यंत वेगळे धुवावे, अन्यथा वापरू नये. दुसरी म्हणजे इस्त्रीची उष्णता. पॉलिस्टरसारखे कृत्रिम धागे तापल्यावर आकसतात आणि वितळतातही. तिसरी म्हणजे चिकटवण्याची क्रिया, जिच्याविषयी पुढे सविस्तर येईल. या तिन्हींची चाचणी कातरणावर पाच मिनिटांत होते. भीतीला एवढीच पाच मिनिटे द्यावीत.

कापडे पाच, छटा तीन

पहिल्या कामासाठी शंभर टक्के सुती, मध्यम जाडीचे, विणीत घट्ट असलेले कापड घ्यावे. फार तलम कापड सुईखाली सरकते, ताणले जाणारे कापड आकार बदलते आणि जाड कापडाचे थर साचले की सुई अडते. सर्व कापडे आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवावीत, म्हणजे आकसायचे ते आधीच आकसेल. जुने सदरे, चादरी किंवा ओढण्या यांचे कापड चालते. किंबहुना भिणाऱ्या माणसाने त्यापासूनच सुरुवात करावी, कारण विरलेल्या सदऱ्याला कात्री लावताना कोणाचाच हात थरथरत नाही.

संख्या पाचपुरती मर्यादित ठेवावी. निवड जितकी मोठी, तितका निर्णय लांबतो. ही पाच कापडे निवडताना रंगापेक्षा छटेकडे, म्हणजे उजळ-गडदपणाकडे पाहावे, कारण लांबून पाहणाऱ्याला आकार दिसतो तो छटेतील फरकामुळे. सुंदर लाल आणि सुंदर हिरवा यांची छटा सारखी असेल, तर लाल पान हिरव्या पार्श्वभूमीत हरवते. पाचांपैकी एक तरी अगदी उजळ, एक तरी अगदी गडद आणि बाकीची मधली असावीत. हे ओळखण्याचा सोपा उपाय असा की कापडे शेजारी ठेवून डोळे किलकिले करून पाहावे, किंवा फोनने छायाचित्र काढून ते कृष्णधवल करावे. मला आवडलेल्या जोड्यांपैकी अर्ध्या या परीक्षेत नापास होतात, आणि दर वेळी मला त्याचे थोडे वाईट वाटते.

‘मला चित्र काढता येत नाही’

हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकले आहे आणि त्याचे उत्तर वादाने देता येत नाही, म्हणून एका बाईचे काम सांगते. हॅरिएट पॉवर्स या 1837 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मल्या. त्यांनी 1886 च्या सुमारास केलेली, बायबलमधील प्रसंग दाखवणारी गोधडी आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. त्यातील माणसे, पशू आणि तारे हे कापडाचे साधे कातरलेले आकार आहेत. त्यांना नाक-डोळे नाहीत, स्नायू नाहीत, खोली नाही. पण कोण कोणाकडे वळले आहे आणि कोणाचे हात वर आहेत हे मात्र स्पष्ट दिसते. त्या आकारांत रेखाटनाचे कौशल्य शोधणे व्यर्थ आहे, आणि त्याची उणीवही कोणाला भासत नाही. कात्रीला लागणारी नजर पेन्सिलीला लागणाऱ्या नजरेपेक्षा वेगळी असते. तिला बाह्याकृती पुरते.

म्हणून पेन्सिल बाजूला ठेवावी. जुन्या वर्तमानपत्राचे हातभर कागद घ्यावेत, घड्याळात वीस मिनिटे लावावीत आणि जिथे बसला आहात तिथून दिसणारी एकच वस्तू निवडावी: पेला, खुर्ची, कुंडीतले रोप, दाराची चौकट, काहीही. ती वस्तू आधी न रेखाटता सरळ कात्रीने कागदातून कापावी. कापताना कात्री जवळजवळ जागेवर ठेवून कागद फिरवावा, म्हणजे कडा सलग येते. एक झाली की लगेच दुसरी कापावी, मग तिसरी. चांगली झाली की नाही हे मधे पाहू नये. पहिल्या चार-पाच आकृत्या बेतीव आणि घाबरट असतात, कारण त्या वस्तू कशी ‘असायला हवी’ यावरून कापलेल्या असतात. दहाव्याच्या सुमारास हात कंटाळतो, तपशील सोडून देतो आणि मग आकृतीला काहीतरी स्वभाव येतो. वीस मिनिटांनंतर सगळ्या जमिनीवर पसराव्यात आणि ज्या तीन आकृत्यांकडे नजर पुन्हा पुन्हा जाते, त्या उचलाव्यात. नजर का जाते याचे कारण शोधण्याची गरज नाही. पेल्याचा कान वाकडा असेल, तर तो तसाच राहू द्यावा. बहुधा त्या वाकडेपणामुळेच तो निवडला गेलेला असतो.

विषय कोणता घ्यावा याची काळजी करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की पहिल्या कामात विषय जितका किरकोळ, तितके बरे. आयुष्यातले मोठे दुःख किंवा मोठा आनंद पहिल्याच बारा इंचांत बसवू पाहिले, की टाका चुकल्यावर त्या दुःखाचाच अपमान झाल्यासारखे वाटते. पेल्याला राग येत नाही.

भिंत, रात्र आणि एक छायाचित्र

पाया म्हणून 14 इंचांचा चौरस कापावा. काम करताना कापड थोडे आत ओढले जाते आणि शेवटी कडा सरळ करून 12 इंचांवर आणायच्या असतात. कापड कापताना त्याचे उभे-आडवे धागे पायाच्या कडांशी समांतर ठेवावेत, कारण तिरके, म्हणजे उरेब कापलेले कापड ताणले जाते आणि चौरस हळूहळू पतंगासारखा होतो. वरच्या लहान आकारांना हा नियम तितकासा लागू नाही.

कागदी आकृत्यांवरून कापडी आकार कापून ते पायावर मांडावेत, पण अजून काहीही पायाला चिकटवू नये. आकार चिकटवायचे असतील, तर कापण्यापूर्वी पुढचा ‘चिकटवणे’ हा भाग वाचावा, कारण त्यासाठीची जाळी कापडाला आधी लावायची असते. शक्य असेल तर भिंतीवर फ्लॅनेलचे किंवा लोकरीसारखे केसाळ कापड ताणून लावावे. सुती तुकडे त्याला टाचणीशिवायही चिकटून राहतात आणि काम आडव्या मेजाऐवजी उभ्या भिंतीवर दिसू लागते. मेजावर आपण कामाकडे वरून, जवळून आणि तपासनिसासारखे पाहतो. भिंतीवरचे काम आठ-दहा पावले मागे जाऊन पाहता येते, आणि जवळून दिसणारी निम्मी व्यंगे त्या अंतरात नाहीशी होतात.

मांडणी हलवत राहावी आणि प्रत्येक बदलानंतर छायाचित्र काढावे. याचे कारण फार व्यावहारिक आहे: ‘आधीचे बरे होते, पण ते कसे होते ते आठवत नाही’ ही धास्ती मोकळ्या प्रयोगाला अडवते, आणि छायाचित्र असले की मागे जाण्याची वाट उघडी राहते. आकार अगदी मधोमध ठेवण्याकडे मन धावते. तो एकदा तरी कडेला ढकलून, किंवा त्याचा काही भाग चौकटीबाहेर कापला जाईल असा ठेवून पाहावा. एक आकार दुसऱ्याच्या थोडा मागे गेला, की नुसत्या दोन तुकड्यांत जवळ-दूर असे नाते तयार होते. मांडणी बरी वाटली की तिथेच थांबून ती रात्रभर भिंतीवर राहू द्यावी. सकाळी खोलीत शिरताना पहिल्या नजरेला जे खटकेल, तेवढेच बदलावे आणि पुढे जावे. दुसरी रात्र देऊ नये. पहिली रात्र विचारासाठी असते आणि दुसरी रात्र सबबीसाठी, असे माझ्या बाबतीत तरी झाले आहे.

चिकटवणे

आकार जागेवर बसवण्याचा सोपा मार्ग म्हणजे फ्यूजिबल वेब या नावाने मिळणारी, इस्त्रीच्या उष्णतेने वितळून दोन कापडांना जोडणारी पातळ जाळी. तिच्या एका बाजूला बहुधा कागद असतो. आकार या कागदावर काढून, जाळी कापडाच्या उलट्या बाजूला इस्त्रीने लावायची, मग आकार कापायचा, कागद सोलायचा आणि तुकडा पायावर ठेवून पुन्हा इस्त्री दाबायची. येथे दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. कागदावर काढलेली आकृती शेवटी आरशातल्यासारखी उलटी येते, म्हणून पेल्याचा कान डावीकडे हवा असेल तर तो उजवीकडे काढावा. आणि इस्त्री कापडावर फिरवू नये, ती उचलून ठेवावी व दाबावी. फिरवल्यास तुकडे सरकतात. किती वेळ दाबायचे हे प्रत्येक प्रकारच्या जाळीवर लिहिलेले असते आणि ते पाळावे, कारण जास्त तापल्यास काही प्रकारांचा चिकटपणा उलट कमी होतो. इस्त्रीच्या तळाला गोंद लागू नये म्हणून मधे बेकिंगचा कागद ठेवावा.

ही न फिरणारी पायरी ज्यांना नकोच असेल, त्यांनी जाळी वगळून तुकडे टाचण्यांनी बसवावेत आणि कडेपासून पाव इंच आत धावदोरा घालावा. कडेचे धागे थोडे सुटतील. सुटू द्यावेत.

थर आणि टाके

भर आणि अस्तर वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठे, म्हणजे सुमारे 16 इंचांचे कापावेत. अस्तर उलटी बाजू वर करून मेजावर सपाट पसरावे, त्याचे कोपरे कागदी चिकटपट्टीने बसवावेत, ओढून ताणू नये. त्यावर भर आणि त्यावर वरचे कापड ठेवून मध्यापासून कडेकडे हाताने सपाट करत जावे. मग तिन्ही थर लांब कच्च्या टाक्यांनी किंवा सेफ्टी पिनांनी, तळहाताच्या रुंदीच्या अंतराने, जोडावेत. भर पातळच असावा. फुगीर भर गुबगुबीत दिसतो खरा, पण नवख्या हाताखाली तो सरकतो आणि अस्तराला चुण्या पडतात. ही पायरी कंटाळवाणी असल्याने ती टाळली जाते, आणि पहिल्या गोधडीतील झोळ बहुतेक वेळा येथेच जन्मतात.

याच तीन थरांचा सहा इंचांचा एक सरावाचा तुकडा आधी करावा आणि पहिले शंभर टाके त्यावर घालावेत. हा तुकडा सुंदर होण्यासाठी नसतो. यंत्राचा ताण, दोऱ्याचा रंग, सुईची जाडी आणि हाताची लय हे सगळे तिथे ठरते आणि मुख्य कामावर घातलेला टाका मग पहिला टाका राहत नाही.

हाताने शिवावे की यंत्राने? पहिल्या कामासाठी मी हाताच्या बाजूची आहे. यंत्राचा वेग भित्र्या माणसाला सोयीचा नसतो. चूक लक्षात येईपर्यंत ती चार इंच पुढे गेलेली असते. हाताने शिवताना प्रत्येक टाक्याला थांबण्याची मुभा असते. आठ नंबरचा जाडसर पर्ल कॉटन दोरा आणि त्याला साजेशी मोठ्या नेढ्याची सुई घेऊन, इंचाला चार-पाच टाके येतील असा साधा धावदोरा घालावा. दोरा कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचा, म्हणजे साधारण 18 इंच घ्यावा. त्याहून लांब दोरा गुंतत राहतो. गाठ मारून सुई वरच्या कापडातून भरात घालावी, इंचभर दूर वर काढावी आणि हलका झटका द्यावा, म्हणजे गाठ आत जाऊन लपते. मधल्या बोटाला अंगुस्तान घालावे. पारंपरिक स्पर्धांमध्ये इंचाला दहा-बारा टाके मोजले जातात, ही गोष्ट खरी आहे. पण ते वेगळ्या कामाचे माप आहे आणि तुमचे काम कोणी फूटपट्टी लावून पाहणार नाही.

ज्यांच्याकडे यंत्र आहे आणि ज्यांचा हात त्यावर बसला आहे, त्यांनी थर एकसारखे पुढे सरकवणारा वॉकिंग फूट लावून, 80 किंवा 90 क्रमांकाची सुई घालून सरळ किंवा किंचित वळणाऱ्या रेषा घालाव्यात. यंत्रातील कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून मुक्तपणे कापड फिरवण्याची रीत मोहक आहे, परंतु ती दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी राखून ठेवणे बरे.

टाके कुठे घालावेत याचे साधे उत्तर असे आहे: आधी प्रत्येक आकाराच्या कडेने, मग मोकळ्या जागेत. कडेने घातलेल्या टाक्याने आकार उचलून येतो आणि मोकळ्या जागेतील दाट टाक्यांनी ती जागा मागे दबते. म्हणजे दोरा केवळ थर धरून ठेवत नाही, तो उजेड-सावलीही तयार करतो. रेषा वाकड्या येतील. अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांच्या पट्ट्या कुठे रुंदावतात, कुठे झुकतात, आणि त्यामुळेच त्या श्वास घेत असल्यासारख्या वाटतात. अर्थात, वाकडेपणाचा हा दाखला घेऊन निष्काळजीपणा खपवू नये. त्या स्त्रियांचा हात पक्का होता. त्यांची रेषा वळली ती कापड जसे मिळाले त्याच्या मानाने वळली. नवख्या हाताला त्यातून एवढाच दिलासा घेता येईल की सरळ रेषा ही चांगल्या कामाची अट नाही.

मधल्या टप्प्यातील कुरूपता

साधारण निम्मे टाके झाल्यावर एक वाईट वेळ येते. अर्धा भाग टाक्यांनी दबलेला, अर्धा फुगलेला, कच्चे दोरे लोंबत आहेत, कडा वेड्यावाकड्या आहेत, आणि काम अचानक अगदी बाळबोध दिसू लागते. बहुतेक पहिल्या गोधड्या याच टप्प्यावर कायमच्या पिशवीत जातात. या वेळी सौंदर्याचा निर्णय घेता येत नाही हे ध्यानात ठेवावे, कारण जे दिसत आहे ती दोन वेगवेगळ्या अवस्थांतील कापडांची तुलना आहे. म्हणून आधीच नियम करावा की शेवटचा टाका पडेपर्यंत काहीही उसवायचे नाही. अपवाद फक्त गुंतलेल्या दोऱ्याचा किंवा अस्तराला पडलेल्या चुणीचा. जे खटकते ते कागदावर लिहून ठेवावे. काम पुरे झाल्यावर ती यादी वाचली, तर तिच्यातील बऱ्याच तक्रारी कोणत्या जागेविषयी होत्या हेही ओळखता येत नाही.

दोन बैठकींमध्ये सुई दोरा ओवून, कामात टोचून ठेवावी आणि ओळ अर्धी सोडावी. पूर्ण झालेल्या ओळीनंतर पुढच्या वेळी नवा निर्णय घ्यावा लागतो. अर्ध्या ओळीला निर्णय लागत नाही, फक्त बसावे लागते.

कडा, टांगणे आणि नाव

टाके संपले की चुण्या जाण्यापुरती वाफ देऊन काम सपाट वाळू द्यावे आणि फूटपट्टीने मोजून 12 इंचांचा चौरस कापावा. कडेला गोट लावायचा असल्यास अडीच इंच रुंदीच्या, एकूण साधारण 60 इंच लांबीच्या पट्ट्या लागतील. पट्टी उभी दुमडून, वरच्या बाजूने शिवून, मागे वळवून हाताने बसवावी. कोपरे जमणार नाहीत असे वाटत असेल, तर गोट न लावता चारी कडांवर दाट ब्लँकेट टाका घालावा किंवा यंत्राने दोनदा झिगझॅग टीप मारावी. कलागोधडीत हे पूर्णपणे मान्य आहे.

टांगण्यासाठी चार इंचांचे दोन चौरस कर्णावर दुमडून त्यांचे त्रिकोण करावेत आणि मागच्या बाजूला वरच्या दोन कोपऱ्यांत शिवावेत. त्यांच्या खिशांत दोन्ही टोके अडकतील एवढी, कामापेक्षा थोडी आखूड, हलकी काठी घातली की गोधडी भिंतीवर सपाट बसते. थेट ऊन पडेल अशी जागा टाळावी, कारण उन्हाने रंग उडतो.

दाखवायची वेळ आली की एकाच माणसाला दाखवावी आणि ‘कशी झाली?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला लोक भिडेखातर उत्तर देतात आणि ते उत्तर कामाला आले नाही तरी मनाला लागते. ‘तुझी नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे?’ असे विचारावे. याचे उत्तर कोणालाही देता येते, त्यात स्तुती किंवा निंदा नसते, आणि पुढच्या मांडणीसाठी त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

मागच्या बाजूला फिकट सुती कापडाची पट्टी शिवून तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव, वर्ष आणि कापडे कोणत्या जुन्या कपड्यांतली आहेत ते लिहावे. शिवण्यापूर्वीच लिहावे, म्हणजे शाई पुढच्या बाजूला झिरपत नाही. कडा सरळ करताना निघालेल्या पट्ट्या टाकू नयेत. तिन्ही थर एकत्र शिवलेल्या त्या अरुंद पट्ट्यांवर नवे टाके आणि नवे दोरे करून पाहता येतात, आणि पुढच्या कामापूर्वी करायचा सरावाचा तुकडा त्यांतून आयताच तयार होतो.